कोल्हापूर ते तिरुपती हवाई अंतर: ३५५, ४०८ की ६५७? आणि घरातून डोंगरापर्यंत किती तास धरायचे?

आठवी गल्ली | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आईला बालाजीला न्यायचं ठरलंय. वय ७४, दोन्ही गुडघे दुखरे, बाकी तब्येत चांगली. दरवर्षी नवरात्रात तिरुमलाहून अंबाबाईला शालू आला की ती देवळात जाऊन बघून येते आणि घरी आल्यावर एवढंच म्हणते, "तिकडनं शालू येतो, आपण कधी जायचं?" हरिप्रिया एक्सप्रेसचं तिकीट दोनदा काढलं आणि दोनदा रद्द केलं. इतके तास बसणं तिला आता झेपत नाही. म्हणून यंदा उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून, थेट विमानाने.

आई निवृत्त शिक्षिका आहे, गणित आणि भूगोल शिकवायची. तिने पहिला प्रश्न विचारला, "अंतर किती?" मी फोनवर शोधलं. एका साईटवर ६५७, दुसरीवर ४०८, आणि भाच्याच्या फोनवर विमानं दिसणारं ॲप आहे त्यात ३५५. वेळेचंही तसंच. एकीकडे ४९ मिनिटं, दुसरीकडे १ तास १९ मिनिटं आणि तिकिटावर १ तास ४५ मिनिटं. आई म्हणाली, "दोन्ही गावं जागची हललेली नाहीत, मग आकडे कसे हलतात?" मला उत्तर देता आलं नाही.

तिला हे वहीत लिहून ठेवायचं आहे, आणि मला तिच्या गोळ्यांच्या वेळा लावायच्या आहेत. सकाळी बीपीची आणि दुपारी जेवणाआधी शुगरची. राजारामपुरीतून निघाल्यापासून वर तिरुमलावर खोलीत टेकेपर्यंत किती तास धरू? जाणकारांनी सांगावं.

नकाशेवाला | सोमवार, रात्री १०:२५

ताई, आईंना सांगा की तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि ते एकाच अंतराचे आहेत. ६५७ किलोमीटर म्हणजेच ४०८ मैल म्हणजेच ३५५ सागरी मैल. रस्त्याचा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. जहाजवाले आणि विमानवाले सागरी मैल वापरतात, म्हणून भाच्याच्या ॲपमध्ये ३५५ दिसतंय. साईटवाले पुष्कळदा आकड्यापुढचं एकक बारीक अक्षरात टाकतात, ते नजरेतून सुटतं.

आई भूगोल शिकवायच्या म्हणून पुढचं मुद्दाम सविस्तर लिहितो. हे अंतर त्यांना कागदावर स्वतः काढता येईल.

सागरी मैल कुठून आला? पृथ्वीवर उत्तर-दक्षिण एक अंश सरकलं की ६० मिनिटं होतात, घड्याळाची नव्हे, कोनाची. त्यातलं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. म्हणजे अक्षांशातला फरक मिनिटांत मांडला की उत्तर-दक्षिण अंतर सागरी मैलात आपोआप मिळतं.

कोल्हापूर विमानतळ साधारण १६ अंश ४० मिनिटं उत्तर, ७४ अंश १७ मिनिटं पूर्व.
तिरुपती विमानतळ १३ अंश ३८ मिनिटं उत्तर, ७९ अंश ३३ मिनिटं पूर्व.

अक्षांशांचा फरक ३ अंश २ मिनिटं, म्हणजे १८२. हे झालं दक्षिणेकडचं अंतर, १८२ सागरी मैल.

रेखांशांचा फरक ५ अंश १६ मिनिटं, म्हणजे ३१६. पण हे जसंच्या तसं घ्यायचं नाही. रेखावृत्तं विषुववृत्तावर एकमेकांपासून सगळ्यात लांब असतात आणि ध्रुवाकडे जाताना जवळ येतात, संत्र्याच्या फोडींसारखी. आपल्या दोन गावांच्या मधला अक्षांश १५ च्या जवळ आहे. १५ अंशाची कोसाईन ०.९६६. म्हणून ३१६ गुणिले ०.९६६, बरोबर ३०५. हे पूर्वेकडचं अंतर.

आता काटकोन त्रिकोण. एक बाजू १८२, दुसरी ३०५. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ३५५ येतं. त्याला १.८५२ ने गुणलं की ६५७ किलोमीटर. कॅल्क्युलेटर नसेल तरी पायथागोरस आईंना नवा नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हे अंतर एका विमानतळावरच्या ठरावीक बिंदूपासून दुसऱ्या विमानतळावरच्या बिंदूपर्यंतचं आहे, आणि तेही जमिनीलगत सरळ मोजलेलं. विमान प्रत्यक्षात याहून थोडं जास्तच उडतं.

आठवी गल्ली | सोमवार, रात्री ११:०५

काय सांगू तुम्हाला! आई झोपली होती, तिला उठवणार नव्हते, पण तिनेच खोलीतून विचारलं "आलं का उत्तर?" आता दिवा लावून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला १८२ चा वर्ग करत बसली आहे. मनापासून आभार.

आणि वेळेचं काय?

मिरज जंक्शन | मंगळवार, सकाळी ७:१०

वेळेचं जाणकार सांगतीलच. तोवर रेल्वेचं सांगतो, कारण विमानाने नक्की काय वाचतं ते त्यातून कळेल.

हरिप्रियाला तिरुपतीपर्यंत साधारण वीस-एकवीस तास लागतात. गाडी हळू चालते म्हणूनच नव्हे, वाटही तशी आहे म्हणून. कोल्हापूरला रूळ संपतो. शाहू महाराजांच्या काळात १८९१ साली कोल्हापूर-मिरज लाईन झाली, आणि कोल्हापूरची रेल्वे आजही मिरजेवरूनच बाहेर पडते. म्हणजे तिरुपती आग्नेयेला असूनही गाडी आधी पूर्वेला मिरजेला येते, मग खाली बेळगाव, हुबळी, तिथून परत पूर्वेला बळ्ळारी, गुंतकल, आणि मग कडप्प्याकडून तिरुपतीजवळचं रेणिगुंटा. नकाशावर बोट फिरवून बघा, पायऱ्या पायऱ्यांची रेघ होते. त्रिकोणाच्या दोन बाजू चालायच्या आणि कर्ण सोडून द्यायचा. विमान कर्णावरून जातं.

रस्त्यानेही बंगळुरूवरून साडेआठशे किलोमीटरच्या आसपास जातं. गुडघे दुखत असतील तर तो विचार करू नका.

माझं स्वतःचं मन रेल्वेत आहे. हरिप्रियात सकाळी जाग येते तेव्हा बाहेर लाल माती आणि खडकांचे ढीग दिसतात, ते विमानातून दिसणार नाही. पण ताई, आईंच्या वयाला विमानच बरं.

उजळाईवाडी नाका | मंगळवार, दुपारी १:३०

मी काही वर्षं विमानतळावर ग्राउंडला काम केलंय, त्यामुळे वेळेचं मी सांगतो. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

४९ मिनिटं कुठून आली? ६५७ ला ८०० ने भागा. साईटवाले जेट विमानाचा सरासरी वेग ताशी ८०० किलोमीटर धरतात आणि भागाकार करून मोकळे होतात. दुसऱ्या साईटने त्यात चढ-उताराचा म्हणून अर्धा तास मिळवला, झाले १ तास १९. दोघांपैकी कुणीही कुठलं विमान जातं ते बघितलेलं नाही.

तुमचं तिकीट एटीआर ७२ चं असणार. ते जेट नाही. दोन बाजूंना मोठे पंखे, सत्तर-पंचाहत्तर माणसांचं विमान, वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. ६५७ भागिले ५०० केलं तरी नुसत्या सरळ उड्डाणाला १ तास १९ मिनिटं होतात. उत्तर साईटसारखंच आलं हा योगायोग आहे, हिशोब वेगळा आहे. कारण विमान पहिल्या मिनिटापासून ५०० ने जात नाही. चढताना वेग कमी, उतरताना त्याहून कमी. त्याची दहा-एक मिनिटं धरा.

मग तिकिटावर १ तास ४५ का? वेळापत्रकातली वेळ चाक जमिनीवरून सुटल्यापासूनची नसते. विमान उभं असतं तिथे चाकांना अडसर लावलेला असतो. तो काढून विमान हललं की वेळ सुरू, आणि पलीकडे जागेवर उभं राहून अडसर लागला की वेळ संपली. त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणायचो. यात जमिनीवर चालायचा वेळही आला. लहान विमानतळावर समांतर टॅक्सीवे नसला की विमानाला धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जाऊन, तिथे वळून, मग उडावं लागतं. वर कंपन्या थोडी सैल मिनिटं ठेवतात, म्हणजे पाच-दहा मिनिटं उशीर झाला तरी पुढची फेरी बिघडत नाही.

दुसरं, उडायची दिशा. आपली धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे, थोडी तिरकी. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतं. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असला की विमान आधी पश्चिमेला उडणार आणि मग फिरून तिरुपतीची आग्नेय दिशा धरणार. त्यात काही मिनिटं जातात. हिवाळ्यात सकाळी वारा पूर्वेचा असला तर ही वळसाफेरी वाचते.

वर गेल्यावरही वारा आहेच. समोरून ताशी ४० चा वारा असेल तर ५०० चं ४६० होतं, मागून असेल तर ५४०. या प्रवासात त्याने बारा-तेरा मिनिटांचा फरक पडतो. जाताना आणि येताना वेळ सारखी आली नाही तर आईंनी घड्याळाला दोष देऊ नये.

आता एटीआरच का येतं हेही सांगतो, लोक फार विचारतात. कोल्हापूरचा विमानतळ जुना, राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ चा. धावपट्टी कितीतरी वर्षं १३७० मीटरच होती, पुढे ती १९३० मीटर केली. समुद्रसपाटीपासून आपण सुमारे ६०० मीटर उंचीवर. उंचीवर हवा विरळ, उन्हाळ्यात तापली की आणखी विरळ. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, म्हणून उडायला जास्त लांब धाव लागते. १८० माणसांच्या मोठ्या जेटला भरल्या वजनाने इथून उडायला लांब धावपट्टी हवी. एटीआरला तेवढी लागत नाही. मी काम करायचो तेव्हा पहिल्यांदा विमानात बसणारी खेड्यापाड्यांतली माणसं याच लहान विमानाने गेली. दारात चप्पल काढून आत जाणाऱ्या एका आजींना मीच "राहू द्या आज्जी, घालूनच जा" म्हणालो होतो. त्या आत गेल्यावर दाराला हात लावून नमस्कार करून मग बसल्या. ते दृश्य अजून डोळ्यासमोर आहे.

आईंसाठी: एटीआरचं दार मागच्या बाजूला असतं आणि जिना लहान, चार-पाच पायऱ्यांचा. मागच्या रांगेतली सीट घ्या, आत चालावं लागणार नाही. पंख वरच्या बाजूला असतात त्यामुळे कुठल्याही खिडकीतून खालचं दिसतं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, निदान दोन दिवस आधी तरी कळवा.

शाहू मैदान | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

वर कुणीतरी लिहिलंय की विमान कर्णावरून जातं. एवढ्या जवळच्या अंतराला ते खरं आहे. लांब गेलं की नकाशावरची सरळ रेघ खरी राहत नाही. माझ्या पोराला शाळेत हा धडा होता, तेव्हा आम्ही घरातला फुटबॉल घेतला. त्यावर पेनाने मुंबई आणि न्यूयॉर्क अंदाजे लावले आणि दोन्हीच्या मध्ये दोरा ताणला. दोरा कुठून गेला? अरबस्तान, युरोप असा आडवा गेलाच नाही. तो वर उत्तरेला चढला, आइसलँडच्या शेजारून गेला आणि मग खाली न्यूयॉर्कला उतरला. साडेबारा हजार किलोमीटरची सगळ्यात जवळची वाट जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत जाते. भिंतीवरच्या सपाट नकाशात हीच वाट मोठी कमान दिसते.

कोल्हापुरात फुटबॉल नाही असं घर कमीच. आईंना दाखवा, त्यांना आवडेल.

आठवी गल्ली | मंगळवार, रात्री ८:५०

आईला वाचून दाखवलं. फुटबॉल शेजारच्या मुलाकडून आणला, दोरा स्वेटरच्या लोकरीचा. आई म्हणाली, "वर्गात मी हे पृथ्वीगोलावर दाखवत होते, पण गोल एकच आणि मुलं साठ. बॉल तर प्रत्येकाकडे होता, तेव्हा सुचलं नाही."

थेट विमान आठवड्यात रोज नाही असं दिसतंय. आम्हाला हव्या त्या तारखेला नसेल तर हैदराबादवरून जाऊ का? अंतर फार वाढतं का?

नकाशेवाला | मंगळवार, रात्री ९:३०

कोल्हापूर-हैदराबाद ४४५, हैदराबाद-तिरुपती ४१८. एकूण ८६३. थेटपेक्षा दोनशे किलोमीटर जास्त, म्हणजे हवेत जेमतेम अर्धा तास. पण खरा वेळ हवेत जात नाही, मधल्या थांब्यात जातो.

बंगळुरूवरून ५३२ आणि पुढे २०४, एकूण ७३६. अंतराला ते बरं दिसतं. काही लोक बंगळुरूला उतरून पुढे गाडीने जातात, ते रस्त्याने चार-पाच तास. आईंच्या गुडघ्यांना तेही लांबच.

पन्हाळ्याचं धुकं | मंगळवार, रात्री १०:४०

ताई, इथे मला लिहिलंच पाहिजे. आमच्यावर जे आलं ते तुमच्यावर येऊ नये.

दोन वर्षांपूर्वी जुलैत मी माझ्या वडिलांना घेऊन असाच एक थांबा घेऊन तिरुपतीला निघालो होतो. दोन वेगवेगळी तिकिटं काढली, कारण त्यात दोन माणसांमागे बाराशे रुपये वाचत होते. वेळ मी साईटवर बघितली. पहिलं उड्डाण एवढं, मध्ये १ तास २० मिनिटं, पुष्कळ झाली असं वाटलं. त्या दिवशी सकाळी उजळाईवाडीवर ढग एवढे खाली होते की समोरचा डोंगर दिसत नव्हता. येणारं विमान उतरायलाच पाऊण तास उशीर झाला. तेच विमान आम्हाला नेणार, म्हणजे आमचाही तेवढाच उशीर. पलीकडे उतरलो, बॅगा पट्ट्यावर यायची वाट बघितली, बॅगा घेऊन बाहेर पडलो, परत आत येऊन दुसऱ्या काउंटरला गेलो. काउंटर बंद झालं होतं. उड्डाणाला अजून थोडा वेळ होता, विमान समोर उभं होतं. पण तिकिटं वेगळी, त्यामुळे पहिल्याचा उशीर दुसऱ्याला लागू नाही. नवीन तिकीट दुसऱ्या दिवशीचं मिळालं. दर्शनाची वेळ गेली. वडील त्या रात्री विमानतळावर खुर्चीत बसून होते आणि मला एक शब्द बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी ते नव्हते.

थांबा घ्यायचाच असेल तर दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्या. बॅग कोल्हापुरात द्यायची ती तिरुपतीतच मिळते, आणि पहिलं चुकलं तर पुढचं बसवून देणं कंपनीकडे येतं. मध्ये निदान अडीच तास ठेवा, पावसाळ्यात तीन. थेट विमान मिळत असेल तर तारीख बदला पण थेटच घ्या.

आठवी गल्ली | मंगळवार, रात्री ११:१०

दादा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तारीख बदलते. थेटच घेऊ. वर गेल्यावर तुमच्या वडिलांच्या नावाने हात जोडेन.

दुबईकर, कागलचा | बुधवार, सकाळी ११:००

सगळ्यांना नमस्कार. विषय थोडा वेगळा आहे, पण पहिल्यांदा परदेशी जाणारे इथे फसतात म्हणून लिहितो. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. मुंबई-दुबई अंतर १९३० किलोमीटरच्या आसपास. समजा सकाळी १० ला सुटून ११:४५ ला पोचतं असं तिकिटावर आहे. माझी आई म्हणाली, पावणेदोन तासांत दुबई! दुबईचं घड्याळ भारतापेक्षा दीड तास मागे, म्हणजे खरा प्रवास सव्वातीन तासांचा. येताना उलटं, कागदावर पावणेपाच तास दिसतात.

तिरुपतीला हा प्रश्न नाही, घड्याळ एकच. सूर्य मात्र वेगळा. एका अंशाला चार मिनिटं या हिशोबाने तिरुपतीला तो कोल्हापूरच्या सुमारे २१ मिनिटं आधी माथ्यावर येतो. बाईंना हे माहीत असेलच.

रेणिगुंटा दोनदा | बुधवार, दुपारी ३:२०

पलीकडच्या बाजूचं मी लिहिते, दोनदा जाऊन आले आहे. दुसऱ्या वेळी सासूबाई बरोबर होत्या, वय ७१.

तिरुपतीचा विमानतळ गावात नाही, रेणिगुंट्याला आहे, गावापासून साधारण १५ किलोमीटर. बाहेर टॅक्सी मिळते. तिथून आलिपिरीला, म्हणजे डोंगराच्या पायथ्याला यायचं. तिथे तपासणी असते. सगळं सामान उतरवून यंत्रातून घालावं लागतं आणि माणसांनाही गाडीतून उतरावं लागतं. आईंना उतरावं लागेल हे धरून ठेवा. गर्दी असली तर इथेच अर्धा तास जातो. मग घाट. वर जायला एक घाटरस्ता आणि खाली यायला दुसरा, त्यामुळे समोरून गाड्या येत नाहीत. खाली यायचा तो जुना, १९४४ चा, वळणं जास्त. तिरुमला सुमारे ८५० मीटर उंचीवर आहे आणि वळणांनी सासूबाईंना मळमळलं. आईंना जेवण खाली गावात द्या, पण पोटभर नको.

६५ वर्षांवरच्यांसाठी देवस्थानची वेगळी दर्शनाची सोय आहे, तिचा कोटा आधी ऑनलाइन सुटतो. मूळ आधारकार्ड बरोबर हवं, झेरॉक्स चालत नाही.

आणि एक. ओटीच्या सामानात सुक्या खोबऱ्याची वाटी ठेवू नका. तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात सामानात चालत नाही. आमची वाटी उजळाईवाडीलाच काढून ठेवली. ओटीचं खोबरं तिथे देवळाच्या बाहेर मिळतं. येताना लाडू आणायला काही अडचण नाही.

कसबा बावडा | बुधवार, संध्याकाळी ७:००

वेळेचा हिशोब कुणी मांडला नाही म्हणून मांडतो. राजारामपुरी ते उजळाईवाडी अर्धा तास. उड्डाणाआधी दोन तास पोचा, व्हीलचेअर आहे म्हणून. काउंटर तास-पाऊण तास आधी बंद होतं. विमान पावणेदोन तास. बॅग आणि बाहेर पडणं अर्धा तास. रेणिगुंटा ते आलिपिरी पाऊण तास, तपासणी वीस मिनिटं, घाट पाऊण तास. साडेसहा तास झाले. मध्ये जेवण घ्या, सात तास. म्हणजे ६५७ किलोमीटरच्या प्रवासात हवेत दीड तास आणि जमिनीवर साडेपाच. शुगरची गोळी तिरुपती गावात जेवणाआधी बसते. डबा मात्र जवळ ठेवा. विमान रखडलं तर गोळी आणि खाणं दोन्ही हाताशी पाहिजे.

आठवी गल्ली | सतरा दिवसांनी, रात्री ९:१५

मंडळी, जाऊन आलो. दर्शन झालं. ज्येष्ठांच्या रांगेतून झालं, आईला फार उभं राहावं लागलं नाही.

आईने सगळ्या वेळा स्वतःच्या घड्याळावरून वहीत लिहिल्या. तशाच इथे देते, पुढे कुणाला उपयोग होईल.

घर सोडलं ८:४०. विमानतळ ९:१०. विमान जागचं हललं १०:५८. चाक सुटलं ११:०७. चाक टेकलं १२:३३. विमान उभं राहिलं १२:३८. बाहेर १:१०. गावात जेवण १:५० ते २:३०. आलिपिरी २:५०. वर ३:४०. एकूण सात तास. कसबा बावडा, तुमचा अंदाज मिनिटाला उतरला.

हवेत ८६ मिनिटं. आईने ६५७ ला ८६ ने भागून ६० ने गुणलं, ताशी ४५८ किलोमीटर. त्याच्याखाली लिहिलंय, "चढ, उतार आणि वळण धरून." विमान पूर्वेकडेच उडालं, नाक्याचे दादा म्हणाले तसं. पायऱ्या पाच होत्या, तिने मोजल्या. परतताना हवेत ९१ मिनिटं लागली. का ते मला विचारलं नाही, स्वतःच म्हणाली, "वारा समोरचा."

पन्हाळ्याच्या दादांना सांगायचं आहे. तुमच्या वडिलांसाठी आईने वेगळा कापूर लावला. लाडू ठेवला आहे, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, मी आणून देते.

पन्हाळ्याचं धुकं | त्याच रात्री ९:५०

ताई, मीच येतो घ्यायला. रविवारी येऊ का? आईंना भेटायचं आहे.

आठवी गल्ली | दुसऱ्या दिवशी, सकाळी ८:३०

या की. जेवायलाच या.

नकाशेवाले दादा, आईने आज सकाळी चहाच्या आधी काशीचं अंतर काढलंय. तपासून द्या म्हणते. वाराणसी २५ अंश २७ मिनिटं, ८२ अंश ५२ मिनिटं. फरक ५२७ आणि ५१५. मधला अक्षांश २१ च्या किंचित वर, कोसाईन तिने जुन्या लॉग टेबलमधून काढली, ०.९३३. उत्तर ७१३ सागरी मैल, १३२१ किलोमीटर.

नकाशेवाला | दुसऱ्या दिवशी, सकाळी ९:०५

मी गोलाच्या पूर्ण सूत्राने काढलं, १३२० येतं. आईंचं बरोबर आहे. त्रिकोण सपाट धरल्यामुळे अंतर वाढेल तशी चूक वाढत जाते, पण इतक्या लांबवरही ती एका किलोमीटरच्या आत राहिली, कारण त्यांनी मधला अक्षांश नीट घेतला.

काशीला मध्ये विमान बदलावं लागलं तर तिकीट एकच काढा, आणि मधला थांबा तीन तासांचा धरा.